पालथे सूप

गोंदियाच्या त्या विडी कारखान्यात बाईला दिवस गेले, की कधीकधी नवऱ्याच्या आधी मुकादमाला कळत असे.

कारखाना म्हणायचा तो नावाला. स्टेशनापलीकडे एक लांब कौलारू पडवी होती, पुढे अंगण, अंगणात पाण्याचे टाके आणि मागे विड्या शेकायची भट्टी. पडवीत भिंतीला पाठ लावून बाया ओळीने बसत. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपाने, तंबाखूचा ढीग आणि दोऱ्याचे गुंडाळे. दिवसभर बोटे चालत, तोंडेही चालत. ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास लुगड्यांत असा मुरलेला असे, की बाजारात बाई शेजारून गेली तरी ती कुठल्या कामाची आहे ते ओळखू यावे.

त्या पडवीतल्या हातभर जमिनीला 'जागा' म्हणत. जागा असलेल्या बाईला चांगले पान मिळे, रोजचे काम मिळे. जागा नसलेल्या बाया सकाळी फाटकाशी बसून राहत आणि कोणाची जागा रिकामी होते याची वाट पाहत. म्हणून पाणी प्यायला किंवा नव्या तंबाखूसाठी उठणारी बाई आपले सूप जागेवर पालथे घालून जाई. खरे तर घरी कोणी सूप पालथे ठेवत नाही, अपशकुन मानतात. पण पडवीत त्या सुपाला वेगळाच मान होता. पालथे सूप म्हणजे बाई येणार आहे. ते कोणी उचलायचे नाही, तिथे कोणी बसायचे नाही. एकदा एकीने दुसरीचे सूप सरकवले, तेव्हा मुकादम सेवकरामनेच तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतले होते.

आता पोटुशा बाईचे. काही वर्षांपूर्वी एक बाई पडवीतच अडली आणि अंगणात बाळंत झाली. गावभर बोभाटा झाला, पोलीस येऊन गेले, शेठने मुकादमाची खरडपट्टी काढली. तेव्हापासून सेवकरामने नियमच केला, की पोट दिसू लागले की बाईने घरी बसायचे. बाळंतपण उरकून ती परत आली, की मग फाटकाशी, सगळ्यांच्या मागे.

पण मांडीवर सूप असले की पोट दिसत नाही, आणि बाया काही आपण होऊन सांगत नाहीत. म्हणून सेवकरामने अनुसयाबाईला हाताशी धरले. अनुसयाबाई पडवीतली सगळ्यांत जुनी. तिची बोटे आता आखडली होती, विडी वळेना. तिला घरी न धाडता सेवकरामने देखरेखीला ठेवले, आणि त्याच्या बदल्यात एक काम दिले. अनुसयाबाई कमरेला पानाच्या पुड्यात मीठ-मिरची लावलेल्या चिंचेचा गोळा ठेवी. दुपार कलली की ओळीतून फिरून चिमूटचिमूट वाटी. बायांना वाटे, म्हातारी मायेची आहे. जी दोनदा हात पुढे करी, जिला चिंच पाहून तोंडाला पाणी आवरत नसे, तिचे नाव संध्याकाळी सेवकरामच्या कानी जाई. दुसऱ्या दिवशी तिचे सूप तिच्या हातात देऊन तिला फाटकाबाहेर करत. सेवकरामची नजर भारी तेज आहे, असे बाया आपसांत म्हणत.

या पडवीत रुख्माबाईची जागा खांबाजवळ होती. तिचा नवरा यादोराव याच कारखान्यात भट्टीवर होता. धुराने त्याचा दमा वाढला आणि तो अंथरुणाला खिळला. थोरली मुलगी शामकला लग्न होऊन गावातच नांदत होती. धाकटी चमेली अजून परकर नेसत होती. रुख्माबाईच्या त्या हातभर जागेवर तिघांची चूल पेटे.

शामकला घरीच विड्या वळत असे आणि संध्याकाळी बांधलेले कट्टे, म्हणजे विड्यांच्या जुड्या, कारखान्यात आणून देई. त्या निमित्ताने मायलेकींची भेट होई. असेच एकदा शिशिराच्या दिवसांत ती आली, तेव्हा अनुसयाबाईची चिंच वाटणे चालू होते. अनुसयाबाई आणि रुख्माबाई एकाच गावच्या, सालेकशाकडच्या. रुख्माला या पडवीत जागा मिळवून दिली तीही तिनेच.

"घे वो रुख्मा," अनुसयाबाई म्हणाली.

"नको बाप्पा, दात आंबते माये," रुख्माबाईने मान फिरवली.

"दात तरी हायेत का तुह्या तोंडात?" पलीकडची एक म्हणाली, आणि ओळभर हसू पसरले. रुख्माबाईही हसली. हसताना तिने सूप पोटाशी जरा अधिक ओढून घेतले. शामकलाने ते पाहिले आणि विसरून गेली. आई अलीकडे जड चालते, लुगडे सैल नेसते, हेही तिच्या लक्षात आले होते. चाळिशी उलटली, बाई थकणारच, असे तिला वाटले. अनुसयाबाईलाही काही वाटले नाही. चिंच नको म्हणणारी बाई मोकळी, असा तिचा हिशेब होता.

त्यानंतर महिनाभराने एका भर दुपारी चमेली धापा टाकत शामकलाच्या दारात आली. माय टाक्याजवळ पडली, एवढेच तिला सांगता येत होते.

शामकला पोचली तोवर आईला बाजेवर घालून घरी आणले होते. लुगडे रक्ताने भिजले होते. दवाखान्यातल्या सुईण सुशिलाबाई आल्या. नागपूरला शिकून आलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पोटावर हात ठेवला, आणि मग शामकलाकडे पाहिले.

"आठवा महिना आहे," त्या म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं?"

शामकलाला माहीत नव्हते. यादोरावला माहीत होते, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. लेकीच्या ओटीभरणाचे दिवस असताना आईची ओटी भरायची वेळ आली, ही लाज त्या घरात होतीच. पण लाजेहूनही मोठी भीती होती जागेची.

रुख्माबाई शुद्धीवर होती. तिने शामकलाचे मनगट धरले. ती काही मागेल, चमेलीला सांभाळ म्हणेल, असे शामकलाला वाटले.

"शामा, मी सूप पालथं घालून आली," ती म्हणाली. "पाहून ये माय. कोनी बसली तं नाई?"

"आता काय करतेस जागेले? पडून राहा."

"पाहून ये. मले चैन पडत नाई."

सुशिलाबाईंनी खुणेनेच सांगितले, जा. मन शांत झाले तर बरेच. शामकला धावत निघाली. रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी संपता संपत नव्हती. पडवीशी पोचून तिने दारातूनच पाहिले. खांबाजवळच्या जागेवर एक कोवळी, सावळी पोर मांडीवर सूप घेऊन बसली होती. अंगावर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा. सूप आईचेच होते, काठाला आईने लाल चिंधी बांधलेले. ती पोर मान खाली घालून विड्या वळत होती. ओळीतल्या बाया शामकलाकडे पाहत नव्हत्या.

परत येताना तिने मनातल्या मनात वाक्य जुळवले. घरात शिरून ती आईच्या कानाशी वाकली.

"सूप पालथंच हाये, माय. कोनी बसली नाई."

रुख्माबाईचा हात सैल झाला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते शामकलाला पुढे कितीतरी दिवस सोसवले नाही. दिवेलागणीच्या आत मुलगी जन्मली ती रडलीच नाही. तिच्यामागोमाग रुख्माबाईही गेली. मायलेकींना एकाच तिरडीवर, एकाच वाटेने नेले.

तेरावे झाल्यावर शामकला दवाखान्यात गेली. सुशिलाबाईंनी आणलेली मेणकापडाची चादर धुऊन परत द्यायची होती. चादर देऊन ती उभीच राहिली. मग तिने विचारले, आईच्या नशिबातच होते का हे?

सुशिलाबाईंनी तिला बाकावर बसवले. नशिबाचे मला माहीत नाही, त्या म्हणाल्या. आधी रक्त दिसायला लागले तेव्हाच ती आली असती, आणि मी सांगितले असते तशी निजून राहिली असती, तर कदाचित दोघी वाचत्या. निदान आई तरी. पण निजून राहायचे म्हणजे जागा सोडायची.

"जागेपायी मेली मग," शामकला म्हणाली.

"हो. जागा राखताना मेली. या प्रांतात कायदा होऊन दहाएक वर्षं झाली, शामकला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला रजा द्यायची, त्या दिवसांचा रोजही द्यायचा, आणि रजेवर असताना तिला कामावरून काढायचं नाही. पण तो लागतो इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांना. तुमच्या पडवीत इंजिन नाही, नुसती बोटं आहेत. कायदा करणाऱ्यांनी इंजिन पाहिलं, बाईचं पोट पाहिलं नाही."

"कायदा आमच्याकडं येईल का कधी?"

"येईल. कोणीतरी मागितल्याशिवाय येणार नाही. आणि येईपर्यंत तुम्ही काय कराल ते तुमचं तुम्हालाच ठरवायला हवं. गाय गाभण असली तर तिला लांबच्या रानात हाकत नाहीत. ती व्यायली म्हणून तिचा गोठा दुसऱ्या गाईला देत नाहीत. एवढं तर आपल्या लोकांना समजतं. बाईच्या बाबतीत का समजत नाही?"

शामकला बाकावरून उठली आणि घराकडे निघाली.

त्याच संध्याकाळी अनुसयाबाई घरी आली. आजवर आली नव्हती. ओसरीच्या कडेला टेकली, पाणी दिले ते प्याली नाही. बराच वेळ ती आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहत होती.

"तिनं चिंच घेतली नाई," ती शेवटी म्हणाली. "तिले एकटीले ठाऊक होतं, मी कायले वाटतो ते. मुकादमासंगं बोलताना तिनं ऐकलं होतं एकदा. कोनाले बोलली नाई. मी तिले जागा देल्ली म्हणून माहं नाव राखलं तिनं."

शामकलाला ते एकदम उमगले नाही. उमगले तेव्हा एकेक आठवत गेले. चिंच, हसू, पोटाशी ओढलेले सूप. आणि आईने हे ठाऊक असून किती जणींना फाटकाबाहेर जाताना पाहिले असेल, हेही तिच्या मनात आले. मेलेल्या आईवर रागावता येत नाही, तरी ती क्षणभर रागावली.

"तू घरी जा मावशी," ती म्हणाली.

अनुसयाबाई उठली. दारातून म्हणाली, "मुकादमानं निरोप देल्ला. तुह्यासाठी जागा हाये. खांबाजवळच, तुह्या मायच्या जागेच्या बाजूले."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाप अंथरुणावर, चमेली उपाशी. दुधराम, शामकलाचा नवरा, भाताच्या गिरणीत पोती उचलत असे. त्याच्या एकट्याच्या कमाईत दोन घरे चालली नसती. बापाला आणि बहिणीला सांभाळायचे तर सांभाळ, मी आड येत नाही, असे तो म्हणाला. शामकला कारखान्यात बसू लागली.

आईच्या जागेवर बसलेली ती पोर आता तिच्या शेजारी होती. नाव मंगली. दरेकशाच्या जंगलातली गोंडाची मुलगी. नवरा लाकूडतोडीला जायचा, तो रेल्वेच्या कामावर आला म्हणून ही गोंदियात आलेली. शामकला तिच्याशी एक अक्षर बोलत नसे. दोरा संपला तरी तिच्याकडे मागत नसे. मंगलीच्या मांडीवरच्या सुपाची लाल चिंधी तिच्या डोळ्यांत खुपे.

एक दिवस मंगलीच बोलली. हळू, खाली पाहतच.

"बाई, हे सूप तुह्या मायचं हाय ना?"

शामकलाने दोरा दाताने तोडला.

"त्या दिवशी मी पयल्यांदाच कामावर आली होती. मले इथला रिवाज ठाऊक नव्हता. आमच्या गावाले सूप पालथं पडलं तं अपशकुन. घरात मरन येते म्हणते. मले ते पालथं दिसलं, मी सुलटं करून ठेवलं. कोनाचं तरी भलं व्हावं म्हणून. मुकादमानं सुलटं सूप पाहिलं, जागा खाली दिसली, मले म्हणाला, बस." तिने सुपाच्या काठावरची लाल चिंधी चाचपली. "अपशकुन मीच केला तुह्या मायले."

शामकलाचे हात थांबले. इतके दिवस ज्या पोरीचा ती राग करत होती, तिने आईच्या भल्यासाठीच ते सूप उचलले होते. आणि जागा खाली दिसताच बाई कुठे गेली हे विचारायचे ज्याचे काम होते, त्याने विचारले नव्हते.

"तू नाई केलं," शामकला म्हणाली. आणि तिच्या सुपात दोऱ्याचे गुंडाळे ठेवले.

त्यानंतर आठवडाभरात ती गोष्ट घडली. दुपार कलली होती. रुख्माबाई गेल्यापासून अनुसयाबाईने चिंच आणली नव्हती. पण शेठकडून सेवकरामला निरोप आला होता, की मागणी वाढली आहे, हात सैल पडता कामा नयेत. म्हणून सेवकरामने तिला पुन्हा फिरायला सांगितले. एव्हाना चिंचेचे गुपित शामकलाकडून पडवीत सगळ्यांना कळले होते. ती पुडा घेऊन ओळीत शिरली, तशी पडवीतली बडबड थांबली. कोणी चिंच घेतली, कोणी नको म्हटले, पण कोणी वर पाहिले नाही.

अनुसयाबाई मंगलीसमोर आली.

"नको, दात आंबते," मंगली म्हणाली, आणि सूप पोटाशी ओढून घेतले.

तेच शब्द. कोणी शिकवले असतील, किंवा दुसरे शब्द अशा वेळी सुचतच नसतील. अनुसयाबाईचा हात तसाच राहिला. शामकलाने मंगलीकडे पाहिले, तिच्या ओठांच्या कडांना सुटलेले पाणी पाहिले, आणि तिला सगळे कळले. अनुसयाबाईलाही कळले आहे, हेही कळले. आता चिंच घेणारीही सापडत होती आणि न घेणारीही. दारात सेवकराम उभा होता आणि म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

शामकलाने हात पुढे केला.

"मले दे मावशी."

अनुसयाबाईने चिमूटभर दिली. शामकलाने ती तोंडात टाकली आणि पुन्हा हात पसरला. "आणखी दे."

"शामा, तुले..."

"मले लई आवडते. दे."

मग पलीकडचीने हात पुढे केला, जी कधीकाळी रुख्माच्या दातांवर बोलली होती. ती साठीला टेकलेली विधवा होती. "मलेही दोनदा दे वो," ती म्हणाली. "मले आता डोहाळे लागले." कोणीतरी फिस्सकन हसले. मग तिसरीने हात पसरला, चौथीने. समोरच्या भिंतीकडून आवाज आले, इकडेही आण. पडवीभर हात पसरलेले होते, तंबाखूने पिवळे पडलेले, कात्रीने घट्टे पडलेले.

अनुसयाबाई मधोमध उभी होती. गोळा संपत आला. उरलेला लहानसा तुकडा तिने हातात धरला, खाली बसली आणि मंगलीच्या सुपात ठेवला.

"खा माय," ती म्हणाली. "तोंडाले पानी सुटलं तं खावं. रुख्मानं नाई खाल्ली."

सेवकराम आत आला. तो वाईट माणूस नव्हता, पण आपण सांगितलेले काम झाले की नाही एवढेच पाहायची त्याला सवय होती. "कोण हाये?" त्याने अनुसयाबाईला विचारले.

"सगळ्याच हायेत, मुकादम," अनुसयाबाई जमिनीवरून उठलीही नाही. "पाहा ना, सगळ्याईनं दोनदा घेतली. कोनाकोनाले घरी धाडता? आणि मलेही धाडा. माह्या बोटाईनं आता बिडी वळत नाई, आणि हे कामही होत नाई."

सेवकराम ओळीकडे पाहत राहिला. कोणी ओरडले नाही, कोणी काम टाकले नाही. फक्त एकीचीही नजर खाली नव्हती.

शामकला बोलली. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता.

"मुकादमभाऊ, माही माय बाजेवर पडली होती तवा तिनं पानी नाई मागितलं. मले म्हणाली, माहं सूप पालथं हाये का पाहून ये. मी इथं येऊन पाहून गेली. घरी जाऊन खोटं बोलली. पालथंच हाये म्हणाली. ते ऐकून तिनं डोळे मिटले. पालथं सूप कोनी उचलायचं नाई, हा रिवाज तुमीच चालवला. एका घोटभर पान्यासाठी बाई उठते, तवा तुमी तिची जागा राखता. ते सूप तुमी तिच्या लेकरासाठी दोन महिने पालथं राहू देसान, तं काय बिघडते?"

सेवकरामने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. शेठ, मागणी, बोभाटा. पण ते शब्द त्याचे त्यालाच पटले नसावेत. तो बाहेर गेला आणि टाक्याच्या काठावर बसला. नेमके तिथेच रुख्माबाई पडली होती. ते त्याला बसल्यावर आठवले असावे, कारण तो चटकन उठला.

दुसऱ्या दिवशी सुशिलाबाई आपण होऊन आल्या आणि त्याच्याशी बोलल्या. गाभण गाईचीच गोष्ट त्यांनी त्यालाही सांगितली. पोट दिसताच हाकलले की बाया पोट लपवतात, त्या म्हणाल्या, आणि लपवलेले पोट माझ्याकडे येते तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्हाला कारखान्यात बोभाटा नको ना? मग बायांना सांगायची भीती वाटणार नाही असे करा. सेवकराम ऐकत होता. निघताना त्याने इतकेच विचारले, "रुख्माबाई वाचली असती का हो?" सुशिलाबाईंनी त्याला खोटे सांगितले नाही.

मंगली सातव्या महिन्यापर्यंत बसली. तिला जड पाट्या उचलू देत नसत, तंबाखूही दुसरी आणून देई. मग एका सकाळी ती आली, खांबाजवळच्या जागेवर तिने ते लाल चिंधीचे सूप पालथे घातले, त्याला हात लावून नमस्कार केला आणि घरी गेली.

फाटकाशी बसणाऱ्या बायांनी ती मोकळी जागा पाहिली. पहिल्या आठवड्यात शेठ चुन्नीलाल स्वतः पाहणीला आले तेव्हा त्यांनीही पाहिली. ही जागा रिकामी का, त्यांनी विचारले. पडवीतली बोटे थांबली.

"रिकामी नाई, मालक," सेवकराम म्हणाला. "बाई येणार हाये."

शेठ काही वेळ त्या सुपाकडे पाहत राहिले, मग पुढे गेले. त्यांचे मन वळले असे म्हणता येणार नाही. रजेच्या दिवसांचा रोज त्यांनी दिला नाही. तो मिळवायला पुढे पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ बायांची पायपीट लागायची होती. मंगलीच्या घरची चूल त्या दिवसांत पडवीतल्या बायांनी मूठमूठ तांदूळ काढून पेटती ठेवली. पण सूप कोणी उचलले नाही. अनुसयाबाई रोज सकाळी पदराने त्याच्यावरची तंबाखूची धूळ पुसत असे. तिला सेवकरामने काढले नाही. पडवीत आता तिचे एवढेच काम होते, आणि ते ती मनापासून करी.

भाताची रोपे लावून झाली, रोवणी आटोपली तेव्हा मंगली परतली. पाठीला झोळीत मुलगा होता. तिने तो अनुसयाबाईच्या मांडीवर दिला, आणि सूप सुलटे केले. त्याखालची जमीन तेवढ्याच आकारात स्वच्छ, सारवल्यासारखी दिसत होती.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाचा कारखाना असेल, कोणाची शेती, कोणाचे दुकान, कोणाची शाळा. तिथे एखादी बाई राबत असेल आणि तिच्या पोटात उद्याचा माणूस वाढत असेल. लेकरू हवे की जागा, असे तिला विचारायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ती काही दिवस येणार नाही, एवढाच याचा अर्थ. ती गेली, असा नव्हे. तिने निर्धास्तपणे सांगावे, निर्धास्तपणे निजावे, घरची चूल विझू न देता परत यावे, आणि तिची जागा तिच्या वाटेकडे डोळे लावून असावी. जिथे कायदा पोचला आहे तिथे तो पाळावा, जिथे पोचला नाही तिथे तो मागावा. आणि तोवर माणुसकीला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना शामकला रेल्वेच्या फाटकाशी थांबली. मालगाडी जात होती, तशीच, संपता न संपणारी. आईला सांगितलेले ते वाक्य त्या दिवसानंतर ती आईला हाक मारून एकदाही म्हणू शकली नव्हती. डब्यांच्या खडखडाटात कोणाला ऐकू जाणार नव्हते. तिने ते पुन्हा एकदा म्हटले, आणि या वेळी ते खोटे नव्हते.

"सूप पालथंच होतं, माय. कोनी बसली नाई."